वाचकांचे प्रश्न : मरीना-व्यवस्थापनाच्या पुरस्कारासाठी अर्ज करताना

मरीना म्हणजे बोटी मुक्कामाला ठेवण्याचे बंदर. त्याच्या व्यवस्थापनाच्या पुरस्कारांबद्दल किनारपट्टीवरून आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. उत्तरांत जिथे ‘समजा’ म्हटले आहे तिथले आकडे हिशेब कळावा एवढ्यापुरतेच आहेत.

प्रश्न : रायगड जिल्ह्यातल्या एका खाडीत आमचा चोवीस बोटींचा छोटा मरीना आहे. मालकांना या वर्षी ‘एखादा आंतरराष्ट्रीय पुरस्कार’ हवा आहे. गोल्ड अँकर, ब्लू फ्लॅग अशी बरीच नावे कानावर येतात. सुरुवात कुठून करावी?

आधी मानांकन आणि स्पर्धा यांची गल्लत सोडवा. मानांकनात तुमची तुलना ठरलेल्या निकषांशी होते. निकष पाळलेत तर ते मिळते, शेजारच्याला मिळाले म्हणून तुमचे हुकत नाही. गोल्ड अँकर हे असे मानांकन आहे. ब्रिटनमधली यॉट हार्बर असोसिएशन आणि ऑस्ट्रेलियातली मरीना इंडस्ट्रीज असोसिएशन ते चालवतात. हॉटेलांना जसे तारे तसे इथे अँकर. परीक्षक जागेवर येऊन पाहतो आणि बोटमालकांचे मतही विचारले जाते. ब्लू फ्लॅग हेही मानांकनच, स्वच्छता आणि पर्यावरण जपण्याचे. ऑक्टोबर २०२० मध्ये भारतातल्या आठ किनाऱ्यांना ते मिळाले, तेव्हापासून आपल्याकडे ते फक्त पुळणींसाठी असते असा समज झाला आहे. प्रत्यक्षात मरीनांसाठी त्याचे वेगळे निकष आहेत. ते एका हंगामापुरते असते, दर वर्षी नव्याने मिळवावे लागते.

स्पर्धेचे गणित निराळे. यॉट हार्बर असोसिएशनचे वार्षिक पुरस्कार गोल्ड अँकर असलेल्या मरीनांमध्येच दिले जातात आणि तिथे बोट ठेवणारे ग्राहक मत देतात. म्हणजे मानांकन नसेल तर त्या रांगेत उभेच राहता येत नाही. पियांक या जलमार्ग-बंदर क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा जॅक निकोल पुरस्कार आहे, पण तो मरीनाच्या रचनेसाठी. सल्लागार तोच सुचवत असेल तर त्यात तुमच्यापेक्षा त्याचे नाव मोठे होणार आहे, एवढे ध्यानात ठेवा.

चोवीस बोटींच्या जागेने पहिल्या वर्षी आयएसओ १३६८७ हे मानक हाती घ्यावे. यॉट बंदरांच्या किमान गरजांचे हे मानक सेवेच्या पातळीनुसार तीन भागांत आहे, छोट्यांसाठी पहिला भाग. त्यातला एकेक मुद्दा घेऊन स्वतःच्या जागेची तपासणी करा आणि एक पूर्ण वर्ष, म्हणजे हंगाम आणि पावसाळा दोन्ही धरून, नोंदी ठेवा. त्यानंतर मानांकन, मग स्पर्धा. मालकांना ‘या वर्षी’च हवे असेल तर पर्यटन किंवा बंदर क्षेत्रातल्या देशी पुरस्कारांत ‘लहान उद्योग’ असा गट आहे का ते पाहा.

प्रश्न : आम्ही मालवणकडचे. आमच्याकडे यॉट नाहीत, किल्ल्यावर प्रवासी नेणाऱ्या होड्यांची संस्था आहे. जेटी मेरीटाइम बोर्डाची. मरीना म्हणून अर्ज चालेल का?

नाही. बोटी करारावर मुक्कामाला ठेवल्या जातात, त्यांना पाणी, वीज, राखण मिळते, ते मरीना. जेटी तुमच्या मालकीची नाही हा दुसरा अडसर. पण ब्लू फ्लॅगमध्ये बोटीतून पर्यटन घडवणाऱ्यांसाठी स्वतंत्र गट आहे, तो तुमच्यासारख्यांसाठीच. प्रत्येक होडीचे सर्वेक्षण प्रमाणपत्र, त्यावरची प्रवासीसंख्या, तितकीच लाइफ जॅकेट आणि तांडेलाचा (होडी चालवणाऱ्या प्रमुखाचा) परवाना या चार गोष्टी हाताशी नसतील तर त्या गटाचाही विचार आधी करू नका.

प्रश्न : अर्जात ‘वार्षिक भरणा’ (वर्षभरात जागा किती भरलेल्या होत्या) टक्क्यांत विचारला आहे. आमचा पावसाळा बंद. मग बारा महिने धरायचे की हंगाम?

दोन्ही द्या आणि कसे काढले तेही लिहा. परीक्षकाला टक्का कमी असल्याचा राग येत नाही, छेद लपवल्याचा येतो.

समजा, २४ जागा आहेत आणि हंगाम १ सप्टेंबर ते २५ मे, म्हणजे २६७ दिवस. उपलब्ध जागा-दिवस झाले ६,४०८. नोंदवहीत भरलेले जागा-दिवस ४,८०६ असतील तर हंगामी भरणा ७५ टक्के. तेच ३६५ दिवसांवर काढले तर ८,७६० पैकी ४,८०६, म्हणजे ५४.९ टक्के. पुष्कळ जण ७५ लिहितात आणि पुढे वार्षिक उत्पन्नाचा तक्ता जोडतात. दोन्ही आकडे एकमेकांशी जुळत नाहीत आणि परीक्षकाचे पहिले प्रश्नचिन्ह तिथेच पडते.

लांबीचा हिशेबही हवा, कारण भाडे मीटरवर घेतले जाते. याच २४ पैकी १६ जागा ८ मीटरच्या आणि ८ जागा १२ मीटरच्या धरा. एकूण २२४ मीटर, हंगामाचे ५९,८०८ मीटर-दिवस. लहान जागा हंगामभर भरलेल्या आणि मोठ्यांपैकी पाव भागच भरलेला, असे असेल तर जागांच्या हिशेबाने भरणा ७५ टक्केच राहतो, पण मीटरच्या हिशेबाने ४०,५८४, म्हणजे ६७.९ टक्के. हा फरक मोठ्या बोटी का येत नाहीत हे सांगतो. खाडीच्या मुखावरचा गाळ हे त्याचे नेहमीचे कारण. अर्जात हा फरक स्वतःहून मांडून, पावसाळ्यानंतर केलेली खोलीची मोजणी सोबत जोडली तर ती दुबळी बाजू न राहता व्यवस्थापनाची जाण ठरते.

पावसाळ्यात बोटी वर काढून आवारात ठेवत असाल तर तो भरणा वेगळ्या ओळीत दाखवा. समजा, घोड्या (बोट जमिनीवर टेकवून ठेवायचे सांगाडे) १८ आणि पावसाळ्याचे दिवस ९८. उपलब्ध १,७६४ पैकी १,५०० भरले तर ८५ टक्के. ‘बंद’ म्हटलेल्या काळातही जागा राबते आहे, हे या एका ओळीत दिसते.

प्रश्न : ‘उत्कृष्ट व्यवस्थापनाचे उदाहरण ५०० शब्दांत लिहा’ असा रकाना आहे. निसर्गरम्य परिसर, पाहुणचार, प्रशिक्षित कर्मचारी हे सगळे लिहून झाले. आणखी काय?

ते सगळे खोडा. निसर्ग तुम्ही केलेला नाही आणि पाहुणचार प्रत्येक अर्जात असतो. हा रकाना एका अडचणीसाठी आहे. अडचण काय होती, कोणते पर्याय होते, कोणता निवडला, का निवडला, आणि मोजून काय फरक पडला. कोकणात यासाठी सगळ्यात भक्कम विषय पावसाळापूर्व उपसा, म्हणजे बोटी पाण्याबाहेर काढण्याचे वेळापत्रक. भूमध्य समुद्रातल्या मरीनांना हा प्रश्न आपल्यासारखा पडत नाही. आणि नेमका हाच भाग आपले लोक ‘पावसाळ्यात मरीना बंद असतो’ अशा एका ओळीत संपवतात.

हा हिशेब असा मांडा. समजा, खाडीत क्रेनच्या पट्ट्यांत बोट घेण्याएवढे पाणी भरतीच्या आसपास तीन तासच असते. एका बोटीला पट्टे लावणे, उचलणे, तळ धुणे, घोडीवर बसवणे याला पाऊण तास. म्हणजे एका भरतीला चार बोटी. उजेडात बहुधा एकच भरती पूर्ण सापडते. चोवीस बोटींना सहा दिवस लागले. आता हवामान खात्याची चक्रीवादळाची पहिली पूर्वसूचना धोक्याच्या ७२ तास आधी येते, दुसरी ४८ तास आधी, तिसरी २४ तास आधी. ७२ तासांत तीन भरत्या मिळाल्या तर बारा बोटी निघतील. उरलेल्या बारांचे काय, हा खरा प्रश्न आणि त्याचे उत्तर म्हणजे तुमचे ५०० शब्द.

‘२५ मेपर्यंत हंगाम, मग उपसा’ ही जुनी रीत इथे का पुरत नाही तेही लिहा. निसर्ग वादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आले, पण तौक्ते २०२१ मध्ये मेच्या मध्यालाच कोकणासमोरून वर गेले. म्हणजे उपसा मेच्या पहिल्या आठवड्यात सुरू व्हायला हवा आणि पाण्यात राहिलेल्या बोटींची संख्या १५ मेपूर्वी ७२ तासांत निघतील एवढ्यावर यायला हवी. मालक तयार होत नाहीत, कारण मेची सुट्टी हाच त्यांचा बोटीचा काळ. मग कोणाची बोट आधी, हे करारातच लिहायचे, लवकर बोट देणाऱ्याला आवारभाड्यात सूट द्यायची, शिडाच्या आणि खोल तळाच्या बोटी पहिल्यांदा काढायच्या, कारण त्यांना उधाणाची भरतीच लागते, भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या, दिवसांत त्या निघत नाहीत.

अर्जातला परिच्छेद मग साधारण असा होईल : ‘आमच्या क्रेनची क्षमता दिवसाला ४ बोटी. पूर्वसूचनेच्या ७२ तासांत १२ बोटी निघतात. म्हणून १४ मेनंतर १२ पेक्षा जास्त बोटी पाण्यात राहणार नाहीत, अशी अट करारात घातली. पहिल्या वर्षी त्या तारखेला १७ बोटी पाण्यात होत्या, दुसऱ्या वर्षी ११. क्रेनची नोंदवही, पट्ट्यांचे चाचणी प्रमाणपत्र आणि कराराचे कलम सोबत जोडले आहे.’ आकडे अर्थातच तुमचे घाला. पहिल्या वर्षीचे १७ लपवू नका, त्यानेच ११ ला किंमत येते.

प्रश्न : गेल्या हंगामात एक खलाशी गँगवेवरून (धक्क्यावरून तरंगत्या फलाटावर उतरायच्या पुलावरून) घसरला, हाताला फ्रॅक्चर. अर्जात सांगावे का?

विचारले असेल तर सांगणे भागच आहे. विचारले नसेल तरी ‘अपघात शून्य’ असे कधीच लिहू नका. बारा महिने पाण्यावर काम आणि एकही नोंद नाही, याचा अर्थ परीक्षक ‘सुरक्षित’ असा न लावता ‘नोंदवहीच नाही’ असा लावतो. तारीख, वेळ, भरतीची स्थिती, काय घडले, त्यानंतर काय बदलले, एवढे चार ओळींत द्या. थोडक्यात टळलेल्या घटनाही नोंदीत हव्यात : दोर तुटला पण बोट धडकली नाही, सॉकेट गरम लागले म्हणून बंद केले. अशा नोंदी जितक्या प्रामाणिक तितका तुमच्या बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसतो. जखमी माणसाचे नाव मात्र देऊ नका.

गँगवेचे कारण बहुतेक वेळा उतारात असते. समजा, उधाणाला भरती-ओहोटीतला फरक ४ मीटर, मुंबई-रायगडकडे तो याहूनही वाढतो. गँगवे १२ मीटर लांब असेल तर ओहोटीला चढ जवळजवळ २० अंशांचा होतो. शेवाळ धरलेल्या पत्र्यावर हा चढ म्हणजे घसरगुंडीच. २४ मीटर लांबी केली तर तो १० अंशांच्या आत येतो. लांबी वाढवणे शक्य नसेल तर आडव्या पट्ट्या, दोन्ही बाजूंना कठडा आणि ओहोटीच्या दोन तासांत सामान न वाहण्याचा नियम. यातले काय केले ते लिहा.

प्रश्न : पर्यावरणाच्या विभागात झाडे लावल्याचे आणि किनारा-स्वच्छतेचे फोटो दिले तर पुरेसे होईल ना?

होणार नाही. मरीनाचे प्रदूषण इंधन, बिल्जचे (बोटीच्या तळात साचणारे) पाणी, तळाचा रंग आणि संडासाच्या टाक्या या चार ठिकाणांहून होते. परीक्षक तिथेच पाहणार.

इंधन : पेट्रोलियम कायद्यानुसार डिझेल २,५०० लिटरपर्यंत, तेही कुठल्या एका भांड्यात १,००० लिटरपेक्षा जास्त नसेल तर, परवान्याशिवाय ठेवता येते. पेट्रोलची सूट विक्रीसाठी नसलेल्या ३० लिटरपुरतीच. आउटबोर्ड इंजिनांच्या मरीनात शेडमध्ये सहा-सात कॅन सहज जमतात आणि ही मर्यादा कधी ओलांडली ते कोणाला कळतही नाही. अर्ज करण्याआधी शेड मोजा.

बिल्ज : तेलकट पाण्यावर भांडी घासायचा साबण ओतण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे. तवंग नाहीसा होतो, तेल मात्र पाण्यात मिसळून खाली जाते आणि गोळा करणे अशक्य होते. शोषक पॅड ठेवा, ते किती वापरले याची नोंद ठेवा. काढलेले जुने तेल हा घातक कचरा आहे. तो ९० दिवसांहून जास्त साठवता येत नाही आणि अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यालाच द्यावा लागतो. त्याच्या पावत्या हा तुमचा पुरावा, झाडांच्या फोटोंहून कितीतरी वजनदार.

तळाचा रंग : टीबीटी (ट्रायब्युटिलटिन हे विषारी रसायन) असलेल्या रंगांवर २००८ पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे. रंगाच्या डब्यांचे तपशील नोंदवा. खरवडलेला रंग आणि कालवे-बार्नेकल ताडपत्रीवर गोळा होतात की थेट खाडीत जातात, हे परीक्षक उतारावरचे डाग पाहूनच ओळखतो. संडासाच्या टाक्या उपसण्याचा पंप चालू आहे का तेही तपासा. असा पंप बसवलेला पण कधीच न वापरलेला बऱ्याच ठिकाणी दिसतो आणि त्याचा मीटर ते सांगून टाकतो.

प्रश्न : परीक्षकाला भरतीच्या वेळी बोलवावे का? ओहोटीला चिखल दिसतो.

चिखल दिसू द्या. भरती ते ओहोटी असा अर्धा दिवस ठरवा आणि भरतीचे कोष्टक आधीच पाठवा. साखळ्या, पाइल (तळात ठोकलेले खांब) आणि पांटूनचे (तरंगत्या फलाटांचे) मार्गदर्शक रोलर उधाणाच्या ओहोटीलाच नीट दिसतात, आणि जाणकार परीक्षक तेच मागतो. १६ मिमीची साखळी १४ मिमीपर्यंत झिजू देऊ नये. कॅलिपरने कडीच्या घासल्या जाणाऱ्या टोकाला मोजा, मधल्या भागाला नव्हे. झीज तळाला टेकणाऱ्या आणि पुन्हा उचलल्या जाणाऱ्या कड्यांत सर्वाधिक असते.

विजेच्या खांबांवर प्रत्येक सॉकेटला विजेची गळती होताच ती तोडणारा ३० मिलिअँपियरचा स्वतंत्र संरक्षक स्विच हवा. एकच स्विच चार सॉकेटना असेल तर एका बोटीतल्या गळतीने चौघांचा फ्रिज बंद पडतो आणि मग कोणीतरी तो स्विचच काढून टाकतो. परीक्षक चाचणीचे बटण दाबून पाहील. ते महिन्यातून एकदा तुम्हीच दाबा आणि सही करा. ‘पोहण्यास मनाई’चा फलकही हवा. पावसाळ्यात खाडीचे पाणी गोडे होते, तेव्हा गळतीचा धक्का जास्त घातक ठरतो, कारण गोड्या पाण्यापेक्षा माणसाच्या शरीरातून वीज सहज वाहते. फलकाखाली तटरक्षक दलाचा शोध-बचाव क्रमांक १५५४ लिहा आणि रात्रपाळीच्या राखणदाराला तो पाठ आहे का ते आधी विचारून पाहा. परीक्षक व्यवस्थापकाला सोडून नेमके त्यालाच विचारतात.

प्रश्न : ग्राहकांचे समाधान ९० टक्के आहे. एवढे लिहिले की झाले?

किती जणांना विचारले? ‘६० पैकी २१ जणांनी उत्तर दिले, त्यांतले १९ समाधानी’ असे लिहा. ६० पैकी २१ हा प्रतिसाद लाजिरवाणा नाही. उरलेल्या दोघांची तक्रार काय होती आणि तिचे काय केले, हे जोडले तर उत्तम.

प्रश्न : नोंदवह्या सगळ्या मराठीत. अर्ज इंग्रजीत. सगळे भाषांतर करून घ्यायचे?

गरज नाही. मूळ पानाचा स्वच्छ स्कॅन आणि खाली दोन ओळींचा इंग्रजी सारांश पुरतो. वहीवर तेलाचे बोट उमटलेले असले तरी चालेल, नवी कोरी वही एका हस्ताक्षरात एका बैठकीत भरलेली असली की मात्र लगेच ओळखू येते. लाख-कोटीचे आकडे परदेशी पद्धतीने लिहा आणि तारखेत महिन्याचे नाव अक्षरांत घाला, नाहीतर ५ जून तिकडे ६ मे होतो. मुदत कोणत्या देशाच्या घड्याळाने संपते तेही पाहा.

प्रश्न : ‘तुमची निवड झाली आहे’ असे ईमेल आले. अर्ज केलेलाच नाही. समारंभाचे टेबल आणि ट्रॉफीचे शुल्क मागतात.

भरू नका. प्रवेश शुल्क असणे गैर नाही, बऱ्याच खऱ्या पुरस्कारांना ते असते. पण निकष, परीक्षकांची नावे आणि मागच्या विजेत्यांची यादी खुली नसेल आणि पैसे निवडीनंतर मागत असतील तर ती ट्रॉफीची विक्री आहे. मागच्या दोन विजेत्या मरीनांना थेट फोन लावा आणि परीक्षक जागेवर आला होता का, एवढेच विचारा.